गल्ल्यातलं वेगळं नाणं : घ्यायचं, बदलायचं, नाकारायचं की जपून ठेवायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गल्ल्याची रोजची शिस्त पाहिली. वेळेअभावी तिथे एक मुद्दा अर्धवट राहिला, तो म्हणजे नाण्यांचा. गिऱ्हाईक एखादं नाणं पुढे करतं आणि आपण क्षणभर थबकतो. हे चालतं का? हे खोटं तर नाही? की दुर्मिळ आहे म्हणून बाजूला ठेवू? तो सगळा विषय आज सविस्तर घेऊ. वही-पेन घेऊन बसा, आणि जमलं तर समोर मूठभर चिल्लर ठेवा. हा पाठ नुसता वाचून येत नाही.

आपल्या कळंबोलीत हा विषय जास्त महत्त्वाचा आहे. लोखंड बाजार आणि ट्रक टर्मिनलमुळे इथे देशभरातून गाड्या येतात. ड्रायव्हर-क्लीनर मंडळी चहा, वडापाव, जेवण, पंक्चर, रिचार्ज यासाठी थांबतात आणि त्यांच्या खिशातून पाच राज्यांची चिल्लर आपल्या गल्ल्यात येते. कुठल्या तरी गावात दहाचं नाणं चालत नाही म्हणून तो ते इथे काढतो. आणि आपणही ऐकीव गोष्टीवरून नाकारतो.

समजा, तुमच्या टपरीवर रोज पाच गिऱ्हाइकं दहाचं नाणं देतात आणि तुम्ही ते नाकारता. प्रत्येकाची खरेदी ३० रुपयांची धरली तर दिवसाचे १५० रुपये गेले. महिन्याचे २६ दिवस धंदा धरला तर ३,९०० रुपयांची विक्री शेजारच्या टपरीवर गेली. तीही एका अफवेमुळे, कारण नाणं खरंच होतं.

आजच्या पाठाचं सूत्र एका ओळीत लिहून घ्या : गल्ल्यातलं नाणं ओळखायचं ते मुख्यतः नुकसान टाळण्यासाठी, लॉटरी लागण्याच्या आशेने नाही.

१. आधी कायदा, मग पारख

नाण्यांसाठी आपल्याकडे नाणे अधिनियम २०११ हा कायदा आहे. नाणी केंद्र सरकार पाडतं, आणि ती बाजारात आणण्याचं काम रिझर्व्ह बँक करते. दुकानदाराला चार गोष्टी माहीत असल्या की पुरे.

पहिली : २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. चार आणे, वीस पैसे, दहा पैसे, पाच पैसे यांनी आता व्यवहार होत नाही.

दुसरी : ५० पैशांचं नाणं आजही कायद्याने चालतं. बाजारात लोक घेत नाहीत, ही वेगळी गोष्ट. त्यामुळे "आठ आणे बंद झाले" असं गिऱ्हाइकाला सांगू नका, ते खरं नाही.

तिसरी : नाण्यांनी पैसे चुकते करायला मर्यादा आहे. एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांनी १,००० रुपयांपर्यंत, तर ५० पैशांच्या नाण्यांनी १० रुपयांपर्यंतच. म्हणजे होलसेलवाल्या शेठला ४,००० रुपयांचं बिल चिल्लरमध्ये द्यायला गेलात आणि तो नको म्हणाला, तर कायदा त्याच्या बाजूने आहे. आधी बोलून घेतलं आणि तो हो म्हणाला तर प्रश्नच नाही.

चौथी, आणि आजच्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची : नाणं विद्रूप केलेलं नसावं आणि त्याचं वजन ठरलेल्या मर्यादेखाली गेलेलं नसावं. ही अट पाळणारं नाणंच कायदेशीर चलन. कापलेलं, भोक पाडलेलं, ठोकून चपटं केलेलं नाणं या अटीत बसत नाही.

२. नाणं हातात आल्यावर काय बघायचं?

पूर्वी सराफ नाणं दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकत. "खणखणीत नाणं" हा शब्द तिथूनच आला. झिजलेल्या किंवा परक्या टांकसाळीच्या रुपयाला पूर्ण किंमत मिळत नसे. जी रक्कम कापून घेत तिला "बट्टा" म्हणत. "नावाला बट्टा लागला" असं आपण आजही म्हणतो. आपल्याला सराफाइतकं बारीक बघायची गरज नाही. पुढच्या पाच गोष्टी पुरेत.

*आकडा आणि रंग.* नुसत्या आकारावरून नाणं घेऊ नका. का, ते पुढच्या मुद्द्यात कळेल.

*साल.* नाणं कोणत्या मालिकेतलं आहे हे सालावरून कळतं. २०११ ची मालिका वेगळी, २०१९ ची वेगळी.

*टांकसाळीची खूण.* सालाच्या खाली बघा. छोटा हिरा, म्हणजे चौकट, असेल तर नाणं मुंबईचं. ही टांकसाळ फोर्टमध्ये, रिझर्व्ह बँकेच्या जुन्या इमारतीजवळ आहे. चांदणी असेल तर हैदराबादचं. गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. इथेच पुष्कळ जण फसतात. खूण नाही म्हणजे नाणं खोटं, असा समज होतो, पण कोलकात्याचं नाणं तसंच असतं. आणि १९९० च्या दशकात टंचाई होती तेव्हा सरकारने दक्षिण कोरिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिका अशा देशांतूनही नाणी पाडून आणली होती. त्यांवरच्या खुणा आणखी वेगळ्या दिसतात. ती नाणीही खरीच.

*ठशाची दिशा.* नाणं बोटांत असं धरा की सिंहाची बाजू सरळ दिसेल. आता पुस्तकाचं पान उलटतो तसं ते आडवं फिरवा. भारतीय नाण्याची दुसरी बाजूही सरळच दिसायला हवी. तिरकी किंवा उलटी दिसली तर ते नाणं वेगळं आहे. बाजूला ठेवा, त्यावर पुढे बोलू.

*चुंबक.* लोखंड बाजाराच्या गावात चुंबक शोधायला लांब जावं लागणार नाही. स्टेनलेस स्टीलचे एक आणि दोन रुपये चुंबकाला चिकटतात. २०११ च्या मालिकेतलं पिवळं पाचचं नाणं चिकटत नाही. पण २००७ च्या आसपासचं स्टीलचं पाचचं नाणं चिकटतं, आणि जुनं तांबे-निकेलचं दोनचं नाणं चिकटत नाही. म्हणून एकट्या चुंबकावर निकाल देऊ नका. आधी साल बघा, मग चुंबक लावा.

३. आकाराने होणारी गफलत : इथे रोज पैसे जातात

हा भाग काउंटरवरच्या मुलाला किंवा घरच्या माणसाला नक्की वाचून दाखवा. आपल्या नाण्यांचे आकार मालिकेगणिक बदललेत आणि सगळ्या मालिका एकाच वेळी बाजारात फिरतात.

२०११ ची मालिका :
- ५० पैसे : व्यास १९ मि.मी.
- १ रुपया : २२ मि.मी., ३.७९ ग्रॅम
- २ रुपये : २५ मि.मी., ४.८५ ग्रॅम
- ५ रुपये : २३ मि.मी., ६ ग्रॅम
- १० रुपये : २७ मि.मी., ७.७१ ग्रॅम

२०१९ ची मालिका :
- १ रुपया : २० मि.मी., ३.०९ ग्रॅम
- २ रुपये : २३ मि.मी., ४.०७ ग्रॅम
- ५ रुपये : २५ मि.मी., ६.७४ ग्रॅम
- १० रुपये : २७ मि.मी., ७.७४ ग्रॅम
- २० रुपये : २७ मि.मी., ८.५४ ग्रॅम, बारा बाजूंचं

आता यातल्या जोड्या जुळवा.

१९९२ नंतरचा जुना स्टीलचा रुपया २५ मि.मी.चा होता. २०११ चे दोन रुपयेही २५ मि.मी.चेच आणि दोन्हींचं वजन ४.८५ ग्रॅम. घाईत रुपया घेऊन आपण दोन मोजतो.

जुने स्टीलचे आठ आणे २२ मि.मी.चे. २०११ चा रुपयाही २२ मि.मी.चा. संध्याकाळच्या गर्दीत आठ आणे रुपया म्हणून येतात.

सर्वांत महाग गफलत पुढची. जुनं पांढरं, जाड पाचचं नाणं २३ मि.मी.चं आणि ९ ग्रॅम वजनाचं. २०१९ चे दोन रुपयेही पांढरे आणि २३ मि.मी.चेच, पण वजन निम्म्याहूनही कमी. म्हणजे पाचचं नाणं दोनचं म्हणून सुट्ट्यात देऊन टाकलं की जागच्या जागी तीन रुपये गेले. बोटाला जाडी जाणवते, पण लक्ष दिलं तरच. तीन रुपये छोटे वाटतात. वडापावमागे तुम्हाला सुटतात किती, ते मात्र आठवा.

एक सोपा उपाय सांगतो. घरातला किंवा दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा एका नाण्याचं वजन नीट दाखवत नसेल, तर एकाच मालिकेची नाणी एकत्र तोला. २०११ चे शंभर रुपये, म्हणजे एक-एकची १०० नाणी, सुमारे ३७९ ग्रॅम भरतात. दोनची १०० नाणी ४८५ ग्रॅम, पाचची ६०० ग्रॅम. वजन बरंच वेगळं आलं तर त्या ढिगात दुसऱ्या मालिकेची नाणी मिसळली आहेत, किंवा मोजण्यात चूक आहे.

४. वेगळी दिसणारी, पण शंभर टक्के खरी नाणी

दहा रुपये. सर्वांत जास्त अफवा याच नाण्याच्या. "दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं", "रुपयाचं चिन्ह नाही म्हणजे खोटं", अशा गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी पत्रक काढून स्पष्ट केलं की तोपर्यंत दहाच्या नाण्याच्या १४ वेगवेगळ्या डिझाइन आल्या आहेत आणि सगळ्या चालतात. रुपयाचं चिन्ह जुलै २०११ पासूनच्या नाण्यांवर आलं. त्याआधीच्या नाण्यांवर ते असणारच नाही! या माहितीसाठी रिझर्व्ह बँकेने १४४४० ही फोनसेवाही सुरू केली होती. २०१८ नंतर आणखी डिझाइन आल्या, त्यामुळे आज १४ हा आकडाही जुना झाला.

वीस रुपये. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेलं बारा कोनी नाणं. अजूनही काही जण "हे कुठलं?" म्हणून बघत राहतात. खरं आहे, घ्या.

स्मरणार्थ काढलेली नाणी. थोर व्यक्ती, संस्था किंवा घटना यांच्या आठवणीत सरकार विशेष नाणी काढतं. त्यातली काही फक्त संग्रहासाठी असतात आणि टांकसाळीकडून विकत घ्यावी लागतात. काही मात्र नेहमीसारखी बाजारात येतात. २०२२ मध्ये आझादी का अमृत महोत्सवाचं बोधचिन्ह असलेली एक ते वीस रुपयांची मालिका आली. २०१२ मध्ये माता वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहाची नाणी आली. चित्र वेगळं असलं तरी व्यवहारात त्यांची किंमत दर्शनी आकड्याइतकीच.

काउंटरवर बोलायचं कसं? वाद नको. गिऱ्हाईक नाणं देताना कचरलं तर, "द्या दादा, चालतं आपल्याकडे." तुम्ही सुट्टे म्हणून दहाचं नाणं दिलं आणि समोरच्याने तोंड वाकडं केलं तर, "ताई, सरकारी आहे, चालतंच. तरी नको असेल तर नोट देतो." "इथे सर्व नाणी स्वीकारली जातात" अशी छोटी पाटी लावा. पाटीचा खर्च नगण्य, आणि ट्रकवाल्यांमध्ये नाव होतं की या टपरीवर कटकट नाही.

५. खराब झालेलं नाणं : कोणतं घ्यायचं, कोणतं नाही?

*काळं पडलेलं, डाग पडलेलं, रोजच्या वापराने गुळगुळीत झालेलं.* आकडा आणि सिंहमुद्रा ओळखता येत असेल तर घ्या. पण पुन्हा सुट्टे म्हणून फिरवू नका, वेगळं ठेवा आणि बँकेत भरा. मळलेलं नाणं गिऱ्हाइकाच्या हातात ठेवलं की दुकानाचीच छाप मळते.

*किंचित वाकलेलं.* हेही बँकेच्या डब्यात.

*भोक पाडलेलं, कापलेलं, एका बाजूने घासलेलं, रुळावर ठेवून चपटं केलेलं, टाका लावून दागिन्यात बसवलेलं.* हे घेऊ नका. नम्रपणे परत द्या : "काका, याला भोक आहे, बँकसुद्धा घेणार नाही. दुसरं असेल तर बघा." हे नाणं मुद्दाम विद्रूप केलेलं आहे.

*मधला भाग निघालेलं दहा किंवा वीसचं नाणं.* नुसती कडी किंवा नुसती चकती म्हणजे नाणं नव्हे. घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. नाणी वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे, आणि २०११ च्या कायद्यात त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आपल्या वाजवी गरजेपेक्षा फार जास्त नाणी साठवून ती दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या भावाने विकण्यालाही हाच कायदा मनाई करतो. "शंभरचे सुट्टे घ्या आणि एकशे दहा द्या" हा जोडधंदा कुणी सुचवला तर लांबच राहा. तो काळ बट्ट्याबरोबर संपला.

६. खोटं नाणं

नकली नाणी अजिबात नसतात असं नाही. २०१६ मध्ये दिल्लीत पोलिसांनी पाच आणि दहाची नकली नाणी पाडणारा कारखाना पकडला होता. अफवांना बळ मिळालं ते अशा बातम्यांमुळेच. म्हणून सरसकट नाकारणंही चूक आणि डोळे मिटून घेणंही चूक.

संशय कधी घ्यायचा? अक्षरं फुगीर किंवा पुसट असतील, "सत्यमेव जयते" नीट उमटलेलं नसेल, दोन धातूंच्या जोडावर फट किंवा रंगाचा थर दिसत असेल, नखाने खरवडल्यावर पिवळा रंग निघत असेल, किंवा त्याच सालाच्या दुसऱ्या नाण्याशेजारी ठेवल्यावर आकार जुळत नसेल तेव्हा. शेजारी ठेवून तुलना करणं ही सर्वांत भरवशाची घरगुती तपासणी आहे. त्यासाठी प्रत्येक मूल्याचं एकेक चांगलं नाणं ड्रॉवरमध्ये नमुना म्हणून ठेवा.

संशयित नाणं आपल्याकडे आलंच तर? ते "पुढच्याला खपवू" हा विचार मनातून काढून टाका. नकली आहे हे माहीत असून चालवणं हा भारतीय न्याय संहितेत गंभीर गुन्हा आहे. दहा रुपयांसाठी ती जोखीम कशाला? बँकेत दाखवा. एकाच माणसाकडून वारंवार तशी नाणी येत असतील तर पोलिसांना सांगा.

७. टांकसाळीतच चुकलेलं नाणं

आता सगळ्यांना उत्सुकता असलेला भाग. टांकसाळीत कोट्यवधी नाणी पाडली जातात आणि तपासणीतून क्वचित एखादं चुकलेलं नाणं सुटतं. संग्राहक त्याला "एरर कॉइन" म्हणतात. मुख्य प्रकार असे :

- ठसा मध्यभागी न बसता एका बाजूला सरकलेला, दुसऱ्या बाजूला कोरी चंद्रकोर.
- दोन्ही बाजूंना एकच चित्र, एका बाजूला उठावाचं आणि दुसऱ्या बाजूला खोलगट व उलटं.
- एक बाजू दुसरीच्या तुलनेत फिरलेली (वरची दिशेची तपासणी आठवा).
- ठसा न उमटलेली कोरी चकती.
- साच्याला तडा गेल्याने नाण्यावर उमटलेली उंच रेघ.

नंतर खराब झालेलं आणि टांकसाळीत चुकलेलं यातला फरक कसा ओळखायचा? एकच प्रश्न विचारा : धातू दाबला गेलाय की ओरबाडला गेलाय? साच्याच्या तड्याची रेघ नाण्याच्या पातळीच्या वर उठलेली असते, तर ओरखडा खाली गेलेला असतो. सरकलेल्या ठशात कोरा भाग गुळगुळीत आणि मूळ धातूच्या रंगाचा असतो, तर कानशीने घासलेल्या नाण्यावर समांतर रेघा दिसतात. हातोडी बसलेल्या नाण्यात अक्षरं पसरलेली दिसतात. दोन नाणी कापून चिकटवून "दोन्ही बाजूंना सिंह" असं बनावट एरर कॉइनही तयार करतात. त्याच्या कडेवर बारीक जोड दिसतो आणि टेबलावर टाकलं तर आवाज बद्द येतो.

असं नाणं मिळालं तर पॉलिश, चिंच, लिंबू, टूथपेस्ट काहीही लावू नका. घासलेलं नाणं संग्राहकाच्या नजरेतून उतरतं. छोट्या कागदी पाकिटात ठेवा, तारीख लिहा. गल्ल्यात त्याऐवजी तेवढे पैसे स्वतःच्या खिशातून टाका, म्हणजे हिशोब बिघडणार नाही. किंमत कळण्यासाठी एकाच माणसाचं ऐकू नका. मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं आणि लिलाव होतात, तिथे दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा. आणि खरं सांगायचं तर बहुतेक किरकोळ दोषांना फारशी किंमत येत नाही. नाद म्हणून छान, पण धंद्याच्या हिशोबात ही मिळकत धरू नका.

८. "तुमच्याकडे हे नाणं आहे का? लाखो मिळतील!"

हा व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला असेल. वैष्णोदेवीचं नाणं, जुनं पाचाचं नाणं, ७८६ ची नोट. फोटो पाठवा, लगेच "आमच्या कंपनीने साडेचार लाखांना मंजूर केलं" असं उत्तर येतं. मग हळूच मागणी सुरू होते : नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं "प्रमाणपत्र", मग कुरिअरचा विमा. प्रत्येक वेळी थोडेथोडे. शेवटी फोन बंद.

४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून काही जण जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी फी, कमिशन किंवा कर मागत आहेत. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही, असे पैसे कधीच मागत नाही आणि कुणाला त्यासाठी अधिकारही दिलेले नाहीत.

नवउद्योजक यात का अडकतो? कारण त्याला भांडवल हवं असतं. मशिनचा हप्ता किंवा दुकानाचं डिपॉझिट डोक्यावर असतं आणि लाखाचा आकडा ऐकून मन पाघळतं. म्हणून एक नियम पाठ करा : जो विकत घेतो तो पैसे देतो. विकणाऱ्याकडेच पैसे मागणारा खरेदीदार नसतो. हा नियम नाण्यांपुरता नाही. उद्या कुणी मोठी ऑर्डर देऊन आधी तुमच्याकडेच "प्रोसेसिंग फी" मागेल, तेव्हाही हाच लावा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

९. घरातल्या डब्यातली जुनी नाणी

बरेच जण विचारतात, आजीच्या डब्यातल्या नाण्यांचं काय? थोडक्यात सांगतो.

राणीछाप रुपया, म्हणजे व्हिक्टोरियाचा, चांदीचा असतो. वजन सुमारे ११.६६ ग्रॅम, चांदी सुमारे ९१.७ टक्के. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा, त्याच्यावर मागे वाघ असतो. चुंबकाला चिकटला की तो निकेलचा समजा. चांदीचा चिकटत नाही. चांदीच्या भावाने १९४७ चा रुपया विकत घेऊन फसलेली माणसं कमी नाहीत.

शिवराईच्या नावाने नकली तांब्याचे तुकडेही विकले जातात. जाणकाराला दाखवल्याशिवाय विकत घेऊ नका. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष कायद्यात, १९७२ च्या, येतात. ती देशाबाहेर पाठवायला मनाई आहे आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. खोदकामात नाणी सापडली तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आवड लागली असेल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीचं नाणेशास्त्र संशोधन केंद्र जरूर बघा.

१०. बँकेत चिल्लर भरायची कशी?

"बँकवाले चिल्लर घेत नाहीत" ही नेहमीची तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या सूचना अशा आहेत : शाखेने सर्व मूल्यांची नाणी बदलून द्यायला किंवा खात्यात भरून घ्यायला स्वीकारावीत. ग्राहकाने किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. लक्षात ठेवा, १,००० रुपयांची मर्यादा देणं चुकतं करण्यासाठी आहे, खात्यात भरण्यासाठी नाही.

पण आपणही कॅशिअरचं काम सोपं करावं. मूल्याप्रमाणे वेगळी केलेली १००-१०० नाण्यांची प्लॅस्टिकची पाकिटं करा, वर आकडा लिहा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनच्या गर्दीत जाऊ नका. दुपारी जा. तरीही नकार आला तर शाखा व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

गल्ल्याजवळ चार छोटे डबे ठेवा.

१. चालू : चांगली नाणी, सुट्टे देण्यासाठी.
२. बँक : मळकी, झिजलेली, थोडी वाकलेली आणि ५० पैशांची.
३. थांबा : संशयित नाणी. यातलं काहीही पुन्हा गिऱ्हाइकाला जाणार नाही.
४. जपून : वेगळी वाटणारी. त्या बदल्यात गल्ल्यात पैसे टाकलेले असलेच पाहिजेत.

सात दिवस रोज रात्री हिशोबाच्या वेळी पाच मिनिटं द्या आणि वहीत चार आकडे लिहा : किती नाणी आली, किती दुसऱ्या डब्यात गेली, किती तिसऱ्यात, आणि सुट्टे नसल्याने किंवा नाणं नाकारल्याने किती गिऱ्हाइकं परत गेली. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. आठवड्याने त्याला तुमच्या सरासरी बिलाने गुणा. अफवा आणि गैरसोय मिळून तुम्हाला किती महाग पडते ते तुमच्याच अक्षरात समोर येईल.

काउंटरवर दुसरं कुणी बसत असेल तर वरची मापांची यादी कागदावर लिहून ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवा. जुनं जाड पाच आणि नवं दोन ही जोडी प्रत्यक्ष हातात देऊन दाखवा. एकदा बोटाला फरक कळला की तो विसरत नाही.

पुढच्या पाठात याच गल्ल्याचा दुसरा अर्धा भाग घेऊ : यूपीआयने आलेले पैसे आणि रोख यांचा रात्रीचा मेळ कसा घालायचा. तोपर्यंत डबे तयार ठेवा.